हाताचा पल्ला आणि चित्राचा निर्णय : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शारीरिक अपंगत्व आणि अमूर्त चित्रकला या विषयावर मी एक छोटा लेख लिहिला होता. मज्जातंतूंना झालेल्या इजेमुळे माझा उजवा हात गेली अनेक वर्षे फारसा कामाचा राहिलेला नाही आणि मी डाव्या हाताने, बऱ्याचदा रोलरने, अमूर्त चित्रे करते, एवढ्याच अनुभवावर तो लेख आधारलेला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे बरीच लांब होती. त्यांतला मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे. जेथे औषधोपचाराचा किंवा व्यायामाचा संबंध येतो, तेथे आपले डॉक्टर आणि थेरपिस्ट जे सांगतील तेच मानावे. मी चित्रकार म्हणून, माझ्या कामाच्या टेबलाजवळून बोलते आहे.

प्रश्न : ताई, मी तीस वर्षे व्यक्तिचित्रे करत आलो. चार वर्षांपूर्वी कंपवाताचे (पार्किन्सनचे) निदान झाले आणि आता पापणी किंवा ओठांची कड हवी तशी काढता येत नाही. मुलगी म्हणते, “बाबा, तुम्ही अमूर्त चित्रे करून पाहा.” पण मला आतून वाटते, की ही माघार आहे. जमेना म्हणून अमूर्ताकडे वळले, असे लोक म्हणतील आणि ते खरेच असेल. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातले दुःख खरे आहे आणि ते घाईने पुसून टाकू नये, असे मला वाटते. तीस वर्षे ज्या हाताने पापणीची कड नेमकी पकडली, तो हात आता ती पकडू देत नाही, ही हानीच आहे. अमूर्त चित्रकलेने तिची भरपाई होईल, असे आश्वासन मी देणार नाही. मात्र ‘जमेना म्हणून अमूर्त’ या म्हणण्यात वास्तवदर्शी चित्र अवघड आणि अमूर्त चित्र सोपे असा जो समज दडला आहे, तो तपासून पाहावा लागेल. डच चित्रकार पीट मोंद्रियानने १९०८ ते १९१२ या काळात काढलेली झाडे एकापुढे एक ठेवून पाहिली, तर फांद्या हळूहळू नुसत्या वक्ररेषा होत जातात आणि शेवटी झाड मागे पडून रेषांमधले ताण तेवढे उरतात. त्याला झाड जमत नव्हते म्हणून हे घडले नाही. झाडाचा आधार सुटल्यावर तर प्रत्येक रेषेला आपली जागा स्वतःच्या बळावर राखावी लागते. व्यक्तिचित्रात नाक चुकले तर समोर बसलेल्या माणसाकडे पाहून ते दुरुस्त करता येते. अमूर्त चित्रात पाहायला समोर कोणी बसलेले नसते. तेव्हा सोपे जाईल म्हणून आपण इकडे वळणार असाल, तर थोड्याच दिवसांत निराशा पदरी येईल, हे आधीच सांगितलेले बरे.

चित्रकार पॉल क्ले याचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. १९३५ पासून त्याला एका गंभीर आजाराने ग्रासले. त्वचा आणि आतले अवयव ताठर करत नेणारा तो आजार होता, असे पुढे मानले गेले. १९३६ या संपूर्ण वर्षात त्याच्या हातून जेमतेम पंचवीस कामे झाली आणि १९३९ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, बाराशेंहून अधिक. या शेवटच्या काळातल्या त्याच्या रेषा जाड, काळ्या आणि थोडक्या आहेत. पूर्वीच्या बारीक रेषेची आठवण काढत बसलेली अशी ती रेषा वाटत नाही. ती वेगळी रेषा आहे आणि तिच्याजवळ सांगण्यासारखे वेगळे आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. हाताचा कंप पाच मिलिमीटरचा असेल, तर दोन मिलिमीटरच्या रेषेची तो पार मोडतोड करतो, पण आठ सेंटिमीटर रुंद पट्ट्याच्या कडेला तोच कंप केवळ एक जिवंत किनार देऊन जातो. म्हणून पहिले काही महिने बारीक कुंचले कपाटात ठेवून द्यावेत आणि रुंद, सपाट, जरा वजनदार कुंचला घेऊन बोटांऐवजी खांद्यातून हात फिरवावा. कंपवातातला कंप बहुधा हात स्वस्थ असताना जास्त असतो आणि हालचाल सुरू झाली की कमी होतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्यामुळे कुंचला कागदाला टेकवून ‘आता काढू’ म्हणत थांबण्यापेक्षा हवेतच हालचाल सुरू करून ती कागदावर उतरवणे बरे पडते. या आजारात हालचाल आखूड होत जाते, अक्षर बारीक होत जाते, तशीच रेषाही होते. त्यावर उपाय साधा आहे : रेषा जेथे संपायला हवी, तेथे खडूने आधीच ठळक खूण करून ठेवावी आणि नजर कुंचल्यावर न ठेवता त्या खुणेवर ठेवावी. औषधाचा अंमल चांगला असतो ते तास मोठ्या हालचालींसाठी राखावेत. उरलेल्या वेळात रंग मिसळणे, कागद फाडून जुळवणे, जुनी चित्रे पाहणे ही कामेही चित्राचीच आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते, कारण याबाबत अलीकडे बरेच भाबडे बोलले जाते. थरथरती रेषा केवळ थरथरते म्हणून सुंदर होत नाही. कोळशाची कांडी कागदावर टेकवून हात स्वस्थ ठेवावा आणि कंपाला हवे तसे उमटू द्यावे, असे तीस कागद करून भिंतीवर लावावेत. त्यांतले सव्वीस निर्जीव असतील. उरलेल्या चारांमध्ये दाट आणि विरळ यांचे काही नाते दिसेल; ते नाते ओळखणारा डोळा आपल्याजवळ तीस वर्षांचा आहे. चेहऱ्यावरची उजेडाची धार ज्या डोळ्याने हेरली, त्याला कंप झालेला नाही. आणि व्यक्तिचित्र काढावेसे वाटले, तर तेही अवश्य काढत राहावे. अमूर्ताकडे येण्यासाठी ते सोडण्याची शपथ कोणी मागत नाही.

प्रश्न : मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर गेली सहा वर्षे मी व्हीलचेअर वापरतो. कमरेखाली संवेदना नाही, हात मात्र चांगले आहेत. मला मोठे कॅनव्हास करायचे आहेत, किमान चार-पाच फुटांचे. ईझलवर लावले तर वरचा भाग हाती येत नाही आणि जमिनीवर ठेवले तर मधला. यावर काही मार्ग आहे का?

उत्तर : मार्ग बरेच आहेत, पण आधी आपल्या हाताचा पल्ला मोजून घ्या. भिंतीवर मोठा कागद लावा, खुर्ची नेहमीच्या अंतरावर उभी करा, ब्रेक लावा, पाठ टेकलेली ठेवा आणि कोळशाने प्रत्येक हाताची जास्तीत जास्त मोठी कमान काढा. मग पाठ न सोडता जेथपर्यंत आरामात पोचता येते ती आतली कमान काढा. आतल्या कमानीतला भाग हे आपले रोजचे कामाचे क्षेत्र आणि बाहेरचा भाग क्वचित जाण्याचा. ही आकृती मी माझ्यासाठी केली, तेव्हा मला प्रथम कळले, की माझ्या चित्रांतले बहुतेक आकार डावीकडून वर चढून मध्यावर का वळतात. पल्ला ही केवळ अडचण नसते. चित्राची रचना तेथूनच सुरू झालेली असते, फक्त आपण ती जाणून घेतलेली नसते.

मोठे चित्र एकाच कापडावर असावे लागते, असा नियम नाही. दोन-दोन फुटांचे चार चौकोन टेबलावर स्वतंत्रपणे रंगवून भिंतीवर एकत्र लावले, तर चार फुटांचे चित्र होते आणि त्यांच्यामधल्या फटी हाही रचनेचा भाग होतो. दुसरा मार्ग कॅनव्हास फिरवण्याचा. जमिनीवर किंवा बुटक्या चौरंगावर कॅनव्हास आडवा ठेवून चारही बाजूंनी काम करावे, म्हणजे वर-खाली असे काही उरत नाही. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनव्हास जमिनीवर पसरून त्याच्याभोवती फिरत काम केले, ते पूर्णपणे वेगळ्या कारणासाठी, पण चारही बाजूंनी चित्रात शिरता येते हा त्याचा लाभ आपल्यालाही होतो. मधल्या भागासाठी रोलर, स्पंज किंवा रुंद कुंचला हलक्या बांबूला बांधावा. काठी जितकी लांब, तितके टोकाचे वजन मनगटावर जास्त येते, म्हणून टोकाला हलके साधन ठेवावे आणि दुसऱ्या हाताने काठीला मध्ये आधार द्यावा. उभ्या कॅनव्हासवर काम करायचे असेल, तर तो इतका खाली उतरवा, की ज्या भागावर सर्वाधिक काम आहे तो खांद्याच्या खाली येईल. व्हीलचेअर ढकलून आपले खांदे आधीच बरेच राबलेले असतात. तासन्‌तास हात डोक्यावर धरून रंगवल्याने तेच निकामी झाले, तर चित्राबरोबर हिंडणे-फिरणेही जाईल.

हान्स हार्टुंग या चित्रकाराचा एक पाय दुसऱ्या महायुद्धात गेला आणि पुढे १९८६ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर तो चाकाच्या खुर्चीतून काम करू लागला. अखेरच्या वर्षांत त्याने फवारणीची साधने वापरली, म्हणजे हात कॅनव्हासपर्यंत पोचण्याची गरजच उरली नाही. रंग अंतर कापून जात असे. १९८९ या शेवटच्या वर्षी त्याने तीनशेंहून अधिक कॅनव्हास केले, आणि त्यांतले काही फार मोठे आहेत. फवारणी करणार असाल, तर दर वेळी चाप दाबावी लागणारी बाटली घेऊ नका, बोटे लवकर थकतात. आधी हवा भरून ठेवता येणारा पंप घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि तोंडाला मास्क लावा.

आता दोन गोष्टी, ज्यांच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. पहिली, पुढे झुकण्याची. झुकण्यापूर्वी ब्रेक लावावेत, पुढची लहान चाके पुढच्या दिशेला वळवून घ्यावीत, म्हणजे खुर्चीचा पाया लांब होतो, आणि तोल जाण्याचा संभव असेल तर छातीला पट्टा बांधावा. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. चित्रात मन बुडाले, की वेळेचे भान राहत नाही, आणि संवेदना नसलेली त्वचा आपल्याला उठवायला येत नाही. दर वीस-तीस मिनिटांनी गजर लावून, थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे शरीराचा भार हलवावा, मग रंग ओला असो की कोरडा. ओले कपडे लगेच बदलावेत. दाबामुळे होणारी जखम भरायला महिनोन्‌महिने अंथरुणावर पालथे पडून राहावे लागते; चित्रासाठी एवढी किंमत मोजू नये. पाहिजे तर गजर झाला, की त्या क्षणी कॅनव्हासपासून दूर जाऊन लांबून पाहण्याची सवय लावावी. लांबून पाहणे तर कोणत्याही चित्रकाराला करावेच लागते.

प्रश्न : मी तोंडात कुंचला धरून रंगवते. तैलरंग घ्यावेत की ॲक्रिलिक? आणि मान फार दुखते.

उत्तर : आपले नाक रंगापासून एक-दीड फुटावर असते, म्हणून टर्पेंटाइन लागणारे तैलरंग मी सुचवणार नाही. ॲक्रिलिक पातळ लावले तर अर्ध्या तासाच्या आत वाळते आणि त्यामुळे घाई होते. त्यात वाळण्याचा वेग कमी करणारे माध्यम मिसळावे किंवा पाण्यात मिसळणारे तैलरंग वापरावेत, जे ओले राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून काम पुढे नेऊ देतात. कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले रंग टाळावेत. तोंडात धरण्याचे टोक वेगळे ठेवून त्यावर ठळक खूण करावी. ते टोक समोरच्या दातांनी धरल्यास दात हलतात. दंतवैद्याकडून मागच्या दाढांवर भार येईल अशी पट्टी बनवून घेतल्यास जबडा आणि मान दोन्हींना आराम पडतो. बारीकसारीक भरण्यापेक्षा मान डावीकडून उजवीकडे फिरते तेव्हा जी सलग कमान मिळते, तिच्यावर चित्र उभे करून पाहा. ती कमान हाताने काढणाऱ्याला तशी मिळत नाही. कॅनव्हासची उंची अशी ठेवा, की त्याचा मध्य ओठांच्या समोर येईल, आणि वरचा-खालचा भाग रंगवायचा असेल तेव्हा मानेऐवजी कॅनव्हासच हलवून घ्या.

प्रश्न : मला स्नायूंच्या ऱ्हासाचा आजार आहे. आता बोटेही जेमतेम हलतात. माझा धाकटा भाऊ मी सांगेन तसे रंग मिसळतो, ओततो, कॅनव्हास तिरका करतो. पाहणारे विचारतात, “मग चित्र कोणाचे?” भाऊ म्हणतो ताईचे, पण माझे मलाच उत्तर देता येत नाही.

उत्तर : फ्रेंच चित्रकार आँरी मातिस याच्यावर १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर बराचसा काळ तो पलंगावर किंवा चाकाच्या खुर्चीत असे. साहाय्यक कागद रंगवून देत, मातिस कात्रीने आकार कापे आणि साहाय्यक त्याच्या सांगण्याप्रमाणे ते भिंतीवर टाचणीने लावत, हलवत, पुन्हा हलवत. १९५३ मधले ‘गोगलगाय’ हे जवळजवळ २.९ मीटर लांब-रुंद चित्र असेच झाले. त्या चित्रातला एकही कागद त्याने स्वतः भिंतीवर चिकटवला नसला, तरी ते त्याचे आहे याबद्दल कोणाला शंका नाही. आपण म्हणाल, कात्री तरी त्याच्या हातात होती. खरे आहे, आणि म्हणूनच आपला प्रश्न मातिसच्या नावाने मिटवून टाकावा असे मला वाटत नाही.

मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे : चित्रात ‘नाही’ कोण म्हणते? रंग ओतला गेल्यावर ‘हे राहू दे’ आणि ‘हे पुसून टाक’ हे ज्याचे शब्द, चित्र त्याचे. रंग भावाच्या हातून सांडला आणि आपण तो ठेवला, तर तो आपला निर्णय झाला. पण भावाने आपल्याला न विचारता निळ्यात थोडा पांढरा घातला, आपल्याला ते नंतर कळले आणि चित्राचा जीव नेमका त्या फिक्या निळ्यात असेल, तर तेथे त्याचाही वाटा आहे आणि तो नाकारू नये. अशा चित्रावर दोघांची नावे लिहिण्यात कमीपणा नाही. प्रत्येक चित्रावर मात्र केवळ प्रेमापोटी दोघांची नावे लिहू नयेत. ते आपल्या निर्णयांवर अन्याय करणारे होईल.

हे प्रश्न कमी व्हावेत म्हणून दोघांमध्ये एक भाषा तयार करावी लागते, आणि खरे सांगायचे तर मला या साऱ्या प्रकारात तीच सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कॅनव्हासच्या कडांवर खुणा करून त्याचे चौकोन पाडावेत आणि त्यांना अंक-अक्षरे द्यावीत. दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगाव्यात : “चारपासून दहाकडे तिरका कर.” ओतण्याचा वेग अंक मोजून ठरवावा : “पाच अंकांत संपव.” रंगाचा पातळपणा ‘जरासा’ किंवा ‘बऱ्यापैकी’ अशा शब्दांवर न सोडता मापाने ठरवावा, म्हणजे एक भाग रंगाला एक भाग पाणी, एक भागाला दोन, असे. कॅनव्हासच्या वर आरसा किंवा कॅमेरा असा लावावा, की आपल्याला संपूर्ण चित्र वरून दिसेल. कडेवरून तिरके पाहून घेतलेले निर्णय फसतात. आणि भावाला एक नियम सांगावा, जो पाळायला त्याला जड जाईल : काम चालू असताना ‘छान झाले’ म्हणायचे नाही. साहाय्यकाच्या तोंडचे ‘छान’ हे थकलेल्या माणसाला फार लवकर थांबवते. माझ्या बाबतीत हे अनेकदा झाले आहे.

पाच-सहा महिन्यांनी अशी भाषा इतकी नेमकी होते, की एका शब्दात एक संपूर्ण हालचाल मावते. तेव्हा ‘चित्र कोणाचे’ असे विचारणाऱ्याला आपण आपल्या सूचनांची वही दाखवू शकाल. ती वही जपून ठेवा. ती आपल्या चित्रांची कच्ची रेखाटनेच आहेत.

प्रश्न : माझे एक प्रदर्शन ठरते आहे. आयोजकांना दाराशी माझ्या कृत्रिम पायांचे छायाचित्र आणि ‘अपंगत्वावर मात’ असा मथळा हवा आहे. नकार दिला तर संधी जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : माझ्या पहिल्या प्रदर्शनात एका आयोजकाने माझ्या लुळ्या हाताचे छायाचित्र माझ्या सर्वांत मोठ्या चित्रापेक्षाही मोठे करून लावले होते. लोक छायाचित्रापाशी थांबत, हळहळत, माझे कौतुक करत आणि चित्रांकडे एक नजर टाकून निघून जात. त्या दिवशी मी काही बोलले नाही आणि त्याची खंत मला आजही आहे. म्हणून आपल्याला कळकळीने सांगते, की मथळ्याला नकार द्या, पण नकाराबरोबर दुसरे काहीतरी लिहून हातात द्या. आयोजकाला मजकूर हवा असतो. रिकामी जागा तो आपल्या समजुतीने भरतो.

अपंगत्व लपवावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. ते कामाच्या पद्धतीत जेथे आले असेल, तेथे तेवढेच आणि तसेच लिहावे. ‘बसून, जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर, लांब दांड्याच्या रोलरने केलेले काम’ हे वाचणाऱ्याला चित्रात शिरायला मदत करते, कारण त्यानंतर तो रंगाच्या पट्ट्यांची दिशा पाहू लागतो. ‘मात’ या शब्दाने त्याला चित्राकडे पाहण्याची गरजच उरत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५० च्या दशकात पूर्णपणे गेली आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रे केली, १९७२ मध्ये शांतिनिकेतनात टाइलचे भित्तिचित्र केले. ती अमूर्त नाहीत, पण त्यांतले सपाट आकार आणि कडा यांचे जे भान आहे, ते अमूर्त चित्र करणाऱ्या कोणालाही शिकण्यासारखे आहे. त्यांचे अंधत्व सर्वांना माहीत आहे, आणि तरीही त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर बोलायचे ते आकारांबद्दलच.

आयोजकांशी बोलणे निघालेच आहे, तर आणखी एक मागणी करा. चित्राचा मध्य साधारणपणे जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असे चित्र लावण्याचा प्रघात आहे, तो उभ्या माणसाच्या नजरेचा आहे. मध्य १२५ च्या आसपास आणला, तर व्हीलचेअरमधून पाहणाऱ्यालाही चित्र समोरून दिसते आणि उभ्या माणसाचे काही बिघडत नाही. संधी जाण्याच्या भीतीबद्दल मी खात्रीचे काही सांगू शकत नाही. काही वेळा जातेही. पण ज्या प्रदर्शनात आपली चित्रे पाहिलीच जाणार नाहीत, तेथे चित्रकार म्हणून आपल्याला संधी मिळाली असे मला म्हणता येणार नाही.

प्रश्न : मला असा आजार आहे, ज्यात थकवा अचानक येतो आणि मग दोन-दोन दिवस उठता येत नाही. माझी चित्रे पूर्ण होतात म्हणून थांबत नाहीत, मी थकते म्हणून थांबतात. मग ती पूर्ण झाली असे म्हणायचे का?

उत्तर : या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत होते, कारण तो माझाही आहे. थांबणे आणि पूर्ण होणे या दोन घटना आहेत आणि निरोगी चित्रकाराच्या बाबतीत त्या बहुधा एकाच वेळी घडतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही. आपल्या बाबतीत त्या दोन वेगळ्या दिवशी घडतात. शरीर थांबवते सोमवारी. चित्र पूर्ण आहे की नाही, हे ठरते गुरुवारी, जेव्हा आपण उशीला टेकून त्याच्याकडे पाहू शकता. हा मधला काळ वाया जातो असे मानू नये. ओल्या रंगाच्या मोहापासून दूर, हात लावता येत नसताना चित्राकडे पाहायला मिळणे हे अनेकांच्या नशिबी नसते, आणि त्याच कारणाने चांगली चित्रे पुढच्या तासाभरात बिघडवली जातात.

अडचण एवढीच, की तीन दिवसांनी आपण काय करायला निघालो होतो ते आठवत नाही. म्हणून थकवा येतो आहे अशी पहिली चाहूल लागताच, अगदी संपण्यापूर्वी, चित्राच्या मागच्या बाजूला एक वाक्य लिहून ठेवावे किंवा फोनवर बोलून ठेवावे : उजव्या कोपऱ्यातला करडा अजून जड हवा, पिवळ्याला हात लावू नये. कधी ते वाक्य तीन दिवसांनी मूर्खपणाचे वाटते, तेव्हा ते खुशाल सोडून द्यावे. पण पुष्कळदा तेवढ्या एका वाक्याने चित्र पुन्हा उघडते.

आकाराचाही विचार करा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना १९८४ मध्ये अपघात झाला. त्यानंतर काही वर्षे त्यांनी मोठे कॅनव्हास बाजूला ठेवले आणि छोट्या कागदांवर शाईने काम केले. त्या कागदांना मोठ्या चित्रांची उणीव भरून काढणारी तात्पुरती सोय म्हणणे मला चुकीचे वाटते. ज्या संथपणासाठी त्यांचे कॅनव्हास ओळखले जातात, तो तेथे काही मोजक्या खुणांमध्ये दिसतो. एक चित्र म्हणजे वीस मिनिटांचे एक काम, असा घाट निवडला, तर थकवा येण्यापूर्वी एक संपूर्ण निर्णय कागदावर उतरतो. माझी स्वतःची रीत अशी आहे, की तळहाताएवढे सहा-सात कागद एका फळीवर चिकटपट्टीने लावून ठेवते आणि एका बैठकीत प्रत्येकावर एकच क्रिया करते : एक पट्टा, एक खरवड, एक डाग. फळी पलंगाजवळच्या भिंतीला टेकवलेली असते. उठता येत नाही त्या दिवशी मी नुसती पाहते, आणि ज्या कागदाला आता काही नको असे वाटते, त्याची चिकटपट्टी काढून टाकायला घरात कोणालाही सांगता येते.